परिशिष्टातली साक्ष

निशा घरतचा प्रबंध बारा वर्षांत कुणी वाचला नव्हता. पीएच.डी. मिळाली, कॉलेजात सत्कार झाला, पगारवाढ लागली आणि प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन पडला. त्याचं निशाला वाईटही वाटत नसे. आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही याची प्राध्यापकांना सवय असते.

त्यामुळे जानेवारीतल्या एका मंगळवारी सुभाष वाघमारे स्टाफरूमच्या दारात उभा राहिला आणि त्याने तिच्याच प्रबंधातल्या एका पानाची झेरॉक्स तिच्यापुढे धरली, तेव्हा आधी तिला थोडं बरंच वाटलं.

"हे तुमचंच ना, मॅडम?"

पान दोनशे चौदा. परिशिष्ट तीन, मुलाखती.

सुभाष तिशीतला. पनवेलच्या बाजारात भाजीचा टेम्पो चालवायचा. डोंगराच्या कडेला असलेल्या उंबराच्या वाडीतला तो पहिला बारावी पास कातकरी. वाडीतल्या चौदा घरांनी जमिनीसाठी वनहक्काचा दावा केला होता आणि सुभाष त्या समितीचा सचिव होता. प्रबंधासाठी निशा वाडीवर जायची तेव्हा तो शाळेच्या गणवेशात कुठेतरी मागे उभा असायचा, असं त्यानेच सांगितलं. तिला काही तो आठवला नाही.

"खाली रेघ मारली आहे ते वाचा," तो म्हणाला.

चांगो वाघमारे, वय अंदाजे पन्नास. 'पुराच्या सालानंतर दोन उन्हाळे गेले, मंग आमी इथं आलो.'

"कायद्यात तारीख आहे, मॅडम. तेरा डिसेंबर दोन हजार पाच. त्याच्या आधीपासून जमीन कसत असाल तर हक्क, नाहीतर अतिक्रमण. पूर आला त्याच वर्षी जुलैत. त्यात दोन उन्हाळे मिळवा."

"दोन हजार सात," निशा म्हणाली.

"वाडीजवळ गोदाम बांधायला निघालेल्यांच्या वकिलाने हेच पान लावून हरकत घेतली आहे. संशोधन पुरावा म्हणून चालतं. आमचे म्हातारे ओरडून सांगतायत की आम्ही जुने आहोत, आणि तुमचं पुस्तक म्हणतंय की नाही." सुभाषने झेरॉक्सची घडी घातली. "पंचवीस तारखेला प्रांत ऑफिसात सुनावणी आहे. तुम्ही या आणि सांगा की छापताना चूक झाली. एका वाक्याचं तर काम आहे."

"छापताना चूक झालेली नाही."

"मला माहीत आहे," सुभाष म्हणाला.

तो गेल्यावर विभागप्रमुख महादेव पाटणकर वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "अडकू नका हो त्यात. आपण जे आढळलं ते लिहायचं. पुढे त्याचं कोण काय करतो, ती आपली जबाबदारी नाही. नाहीतर उद्या कुणी संशोधनच करणार नाही."

निशाने मान हलवली. हे वाक्य तिनेही वर्गात अनेकदा म्हटलं होतं. दुसऱ्या तासाची बेल झाली. तिने वर्गात जाऊन न्यायाच्या संकल्पनेवर पन्नास मिनिटं व्याख्यान दिलं, आणि बाहेर आल्यावर आपण काय बोललो यातला एक शब्दही तिला आठवेना.

रोडपालीच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचे वडील तुळशीराम असे दोघंच राहत. तुळशीराम घरत एकेकाळी मिठागरवाले. जमीन शहरासाठी गेली, बदल्यात मिळालेल्या भूखंडावर धाकटा परेश बिल्डर झाला. म्हातारा मात्र लेकीकडेच राही. सुनेच्या संगमरवरी घरात पाय घसरतो, म्हणे.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सहज विचारलं, "बाबा, उंबराच्या वाडीतला चांगो ठाऊक आहे का तुम्हाला?"

"चांगो? बामाचा चांगो?" तुळशीरामांनी भाकरी मोडली. "तेच्या बापानं माझ्या मिठागरावर दहा वर्सं काम केलं. का गं?"

"ते लोक तिथे कधीपासून आहेत?"

"कधीपासून म्हंजे? हायतच ते. तू दहावीला होतीस ना, तवा आपल्या गावच्या घराची कुडाची भिंत पडलेली. मी बैलगाडी घेऊन वाडीवर गेलेलो, कारवी आणायला. चांगोनंच तोडून दिली. त्याचं झोपडं वरच्या अंगाला होतं, आंब्याच्या बाजूला. बायकोनं कोरा चहा दिलेला."

निशा दहावीला होती ते साल सत्त्याण्णव. पुराच्या आधी आठ वर्षं.

तिचा हात ताटातच राहिला. तीन वर्षं ती रेकॉर्डर घेऊन त्या डोंगरावर फिरली होती. रोज संध्याकाळी याच माणसासमोर बसून जेवली होती. आणि एकदाही त्याला विचारलं नव्हतं. बाबा तिच्या लेखी माहितीचा स्रोत नव्हते, बाबा होते.

"मग चांगोने मला दोन हजार सात का सांगितलं?"

"मला काय ठाव? त्यालाच इचार."

रविवारी ती वाडीवर गेली. निम्म्या घरांची दारं झाप लावून बंद होती. माणसं दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर गेली होती, ती पावसाच्या तोंडावर परतणार. चांगो आता भट्टीच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून तो आणि त्याची बायको चिंधी मागे होते. चांगोचा एक डोळा पांढरा पडला होता. त्याने तिला ओळखलं.

"तू ती पेटीवाली बाय," तो म्हणाला. रेकॉर्डरला तो पेटी म्हणायचा.

निशाने इकडचं तिकडचं न बोलता त्याला ते वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे खरं होतं का?"

चांगोने काटकीने जमिनीवर दोन रेघा ओढल्या. मग म्हणाला, "तुझ्या संगं कोण आलता, आठव."

तिला आठवेना.

"गार्ड आलता. जंगलाचा. तूच घेऊन आलीस त्याला."

तिने आणलं नव्हतं. वाट ठाऊक नव्हती म्हणून पहिल्या दिवशी तो दाखवायला आला होता, एवढंच. भला माणूस होता, तिची पिशवीसुद्धा त्याने उचलली होती. मुलाखतभर तो दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"त्याच्या म्होरं मी काय सांगू? लई वर्सं जमीन कसतो म्हणू? आधल्याच साली माझा कोयता जप्त झालता. जुनी वस्ती हाय म्हटलं तर म्हणतील, मंग हे जंगल तुमीच तोडलं. आत्ता आलो म्हटलं तर निदान जुनं पाप अंगावर नाय. कायदा-बियदा आमाला कवा ठाव होता?"

"मला नंतर तरी सांगायचं."

"तू नंतर इचारलंस?" चांगोने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं, तिने विचारलं होतं की नाही ते.

आतून चिंधी म्हणाली, "तवाच खोटं बोलले, त्याची आता फळं." ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

परतताना रिक्षात निशाच्या डोक्यात प्रबंधाचं शीर्षक फिरत राहिलं. 'संमती आणि सत्ता'. पहिल्याच प्रकरणात तिने ठासून लिहिलं होतं की ज्याला नकार देणं परवडत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येणार नाही. त्या वाक्याबद्दल परीक्षकांनी तिची पाठ थोपटली होती. तिने ते वाक्य सरकारला लावलं, बिल्डरांना लावलं, गावच्या पंचांना लावलं. आपल्या मांडीवरच्या रेकॉर्डरला लावायचं तिला सुचलं नव्हतं. आता हे लक्षात आल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती, असं तिला वाटलं. पण दाताला इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावावा तसं झालं होतं. हात कळत होता, गाल नव्हता.

घरी येऊन तिने जुना लॅपटॉप काढला. ध्वनिफीत सापडली. चौथ्या मिनिटाला तिचा स्वतःचा आवाज, तरुण आणि उत्साही. 'तुम्ही इथे कधीपासून राहता?' मग शांतता. मग एक तिसरा, जाड आवाज, थोडा लांबून. 'सांग ना रे. मॅडम इचारतायत.' आणि मग चांगो, 'पुराच्या सालानंतर...'

तो तिसरा आवाज तिने उतरवून घेताना गाळला होता. कंसात नोंदसुद्धा केली नव्हती. तेव्हा तो तिला आवाजच वाटला नव्हता.

सुनावणीच्या दोन दिवस आधी परेश आला. आल्याआल्या त्याने पाया पडून बाबांच्या हातात चिकूची पिशवी दिली.

"ताई, तुझ्यामुळे माझं मोठं काम झालं," तो म्हणाला. "आमच्या वकिलाला तुझं पुस्तक मीच दाखवलं. गोदामाचा रस्ता त्या वाडीच्या वरच्या अंगावरून जातो. तुझं पान नसतं तर दहा वर्षं गेली असती."

निशाने बाबांकडे पाहिलं. बाबा चिकू दाबून पाहत होते.

"ते पान चुकीचं आहे, परेश."

"चुकीचं कसं? तूच लिहिलंस. डॉक्टर झालीस त्याच्यावर." परेश हसला. मग हसायचा थांबला. "तू तिथे जाऊन काय सांगणार आहेस?"

"की गार्डसमोर घेतलेली साक्ष आहे. तिच्यावर विसंबू नये."

"म्हणजे तुझी डिग्री खोटी."

"त्या पानापुरती, हो."

"आणि ते लोक जुने आहेत असं सांगणार?"

"ते मला ठाऊक नाही. मी पाहिलेलं नाही." ती थांबली. "बाबांना ठाऊक आहे."

परेशने बाबांकडे वळून पाहिलं. तुळशीराम उठले आणि चिकू ठेवायला आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पंचवीस तारखेला प्रांत ऑफिसच्या लांबट खोलीत वीस-पंचवीस माणसं होती. सुनावणी घेणाऱ्या सरकारी समितीच्या मधल्या खुर्चीवर एक चष्मेवाल्या अधिकारी बाई होत्या. परेशच्या वकिलाने पान दोनशे चौदा वाचून दाखवलं. मग निशाला बोलावलं. तिने लॅपटॉपवर ती फीत ऐकवली, दोन वेळा. गार्डचा आवाज खोलीत आला तसे मागच्या बाकावरचे वाडीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"ही साक्ष मी ज्या पद्धतीने घेतली ती पद्धत चूक होती," ती म्हणाली. "गार्ड तिथे होता हे मी प्रबंधात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. दोष माझा आहे. हे पान पुरावा म्हणून वापरू नये."

"म्हणजे वस्ती दोन हजार पाचच्या आधीची आहे, असं आपलं म्हणणं आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

सुभाष पुढे झुकला. निशाला त्याचे हात दिसत होते, गुडघ्यांवर घट्ट.

"नाही. माझ्या संशोधनातून ते सिद्ध होत नाही. मला स्वतःला माहीत नाही."

सुभाष मागे टेकला. वकील मान खाली घालून हसला.

"कुणाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं. प्रश्न सरळ होता, कदाचित नुसता कागद पुरा करण्यापुरता.

इथे निशा गप्प राहिली असती तरी ते खोटं ठरलं नसतं. तिने तसा विचारही केला. मग म्हणाली, "माझ्या वडिलांना. तुळशीराम घरत. सत्त्याण्णव साली ते चांगो वाघमारेंच्या झोपडीवर गेले होते, असं त्यांनी मला सांगितलं आहे."

पंधरा दिवसांनंतरची तारीख पडली आणि तुळशीरामांना बोलावणं गेलं. बाहेर जिन्यात सुभाषने तिला गाठलं.

"एक वाक्य मागितलं होतं, मॅडम. ते तुम्ही 'माहीत नाही'वर आणलंत."

"मला माहीत नाही, सुभाष."

"शिकलेल्या माणसाचं खरं असंच का असतं? आमच्या विरोधात असतं तेव्हा पानभर, बाजूने असतं तेव्हा 'माहीत नाही'."

तो टेम्पो काढून निघून गेला.

ते पंधरा दिवस घरात कुणी भांडलं नाही. बाबा सकाळी फिरायला जात, येताना दूध आणत. निशा डबा करी. टीव्हीवर मालिका चाले. एकदा तिने विचारलं, "काय सांगणार आहात?" तुळशीराम म्हणाले, "परेश माझा पोरगा हाय. तू पण माझीच." आणि आवाज वाढवला टीव्हीचा.

तारखेच्या दिवशी परेश गाडी घेऊन आला. बाबांनी पांढरा सदरा आणि टोपी घातली होती. निशा रिक्षाने गेली.

अधिकारी बाईंनी मोठ्या आदराने विचारलं, "बाबा, सत्त्याण्णव साली आपण उंबराच्या वाडीवर गेला होता का?"

तुळशीरामांनी समोर पाहिलं. मागच्या बाकावर चांगो बसला होता, चांगला डोळा त्यांच्यावर लावून.

"आठवत नाय," तुळशीराम म्हणाले.

"चांगो वाघमारे यांना ओळखता?"

"याच्या बापाला ओळखायचो. मिठागरावर होता."

"ते कुठून यायचे कामाला?"

"आठवत नाय, बाई. लई वर्सं झाली."

चांगोने मान वळवली.

मग बाईंनी निशाला विचारलं, "आपण गेल्या वेळी वेगळं सांगितलं होतं."

"हो," निशा म्हणाली. "जानेवारीत, जेवताना, त्यांनी मला सांगितलं की ते तिथे गेले होते. चांगोंनी त्यांना कारवी तोडून दिली. घर वरच्या अंगाला, आंब्याच्या बाजूला होतं. त्यांच्या पत्नीने कोरा चहा दिला."

"म्हणजे आता ते खोटं सांगत आहेत?"

तुळशीरामांनी लेकीकडे पाहिलं नाही. परेश पाहत होता.

"तेव्हा त्यांना आठवत होतं," निशा म्हणाली.

लेखनिकाने दोन्ही जबाब उतरवून घेतले. बाबांनी सही केली. निशानेही केली. रोज हजेरी घेते त्याच आवाजात ती बोलली होती.

पुढचं सगळं हळूहळू झालं. पान दोनशे चौदा ग्राह्य धरलं गेलं नाही. बापलेकीचे जबाब एकमेकांना छेदतात म्हणून दोन्ही बाजूला ठेवले गेले. सुभाषने मग डोंगराखालच्या गावातली सखूबाई म्हात्रे शोधून काढली. सत्तरी उलटलेली बाई. ती तरुणपणी वाडीवर जाऊन मध आणि लाकूडफाटा विकत घ्यायची. तिने कोणाची घरं कुठे होती ते बोटावर मोजून सांगितलं. तिला कुणाची भीड नव्हती. पावसाळ्यात निकाल आला, चौदापैकी नऊ दावे मंजूर. उरलेली पाच घरं वरच्या अंगाची होती. सखूबाई कधी तितकं चढून गेली नव्हती. त्या पाचांत चांगो होता.

दरम्यान निशाने विद्यापीठाला पत्र लिहिलं. प्रबंधातली अमुक नोंद सदोष आहे, तिच्यासोबत शुद्धिपत्र जोडावं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, पदवी प्रदान झाल्यानंतर प्रबंधात बदल करण्याची तरतूद नाही. पाटणकर सर म्हणाले, "तुम्हाला सांगत होतो." पण कुणीतरी तक्रार केली होती, म्हणून कॉलेजने तिच्याकडून खुलासाही मागवला. तिने तोही दिला. संकेतस्थळावर पान दोनशे चौदा होतं तसंच राहिलं.

निकाल कळला त्या संध्याकाळी तुळशीराम जेवायला बसले. कालवण वाढून झाल्यावर म्हणाले, "चांगोचं काय झालं?"

"नामंजूर."

त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "परेश रस्ता तिथूनच नेणार?"

"हो."

"आंबा पण जाईल मंग," ते म्हणाले. त्यांनी आणखी भात मागितला आणि निशाने वाढला. परेश त्यानंतर फोनवर बाबांशीच बोले. तिला रागही येत नव्हता, आणि तो येत नाही याची काळजीही आता वाटेनाशी झाली होती.

ऑगस्टच्या अखेरीस सुभाषचा फोन आला. पाच घरांसाठी जिल्ह्याला अपील करायचं होतं. "तुमचं निवेदन हवंय, मॅडम," तो म्हणाला. "या वेळी वाक्य मी सांगत नाही. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहा."

तिने लिहिलं. गार्ड होता हे लिहिलं. वडील जेवताना काय म्हणाले आणि कचेरीत काय म्हणाले ते लिहिलं. चांगोने तिला रविवारी काय सांगितलं ते लिहिलं, आणि तसं सांगणं तेव्हा त्याच्या स्वतःच्या हिताचं होतं, हेही लिहिलं. हे शेवटचं वाक्य तिने एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सगळं मिळून पाऊण पान भरलं.

सुभाष कॉलेजच्या फाटकाशी टेम्पो उभा करून आला होता. पाठीमागे कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. त्याने उभ्याउभ्या कागद वाचला. शेवटच्या वाक्यावर तो थांबला.

"हे लागतं का?"

"लागतं."

"वकील म्हणेल, काढा."

"मग त्याला सांग, मी सही करणार नाही."

सुभाषने कागद आणखी एकदा वाचला. मागून एका बसने हॉर्न दिला. त्याने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, "बघू," म्हणाला आणि टेम्पोत चढला.